पूर्वा आठवीत गेली, त्याची हकिकत

वारजे, पुणे
मे महिन्यातला रविवार, दुपार

तीर्थरूप राधाआक्कास,
धाकट्या सुखदेवचा सविनय जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. मागे पाठवलेलं तेल तू स्वतःच्याच गुडघ्याला लावतेस ना? (निम्मी बाटली शेजारच्या सुनेच्या पाठीवर खर्च झाल्याची बातमी इथपर्यंत आली आहे.) लातूरला ऊन फार आहे असं टीव्हीवर सांगतात, तेव्हा दुपारी बाहेर पडू नकोस. पडणारच असशील तर निदान छत्री घे. घेणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी भावानं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. इकडे सगळे खुशाल. चंद्रभागेची साखर ताब्यात आहे असं ती म्हणते, डॉक्टरांचं मत जरा वेगळं आहे. चेतन रोज वारज्याहून खराडीला जातो आणि रोज खराडीहून वारज्याला येतो. ह्यातून वेळ उरला तर मधे नोकरीही करतो. दीक्षा बँकेत आहे आणि मार्च संपून महिना उलटला तरी तिच्या चेहऱ्यावरून तो पुरता गेलेला नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस. 'सगळे बरे आहेत ना, मग ठेव' म्हणतेस. आजची बातमी दोन वाक्यांत मावणारी नाही. पूर्वाला आठवीत प्रवेश मिळाला.

आता तू म्हणशील, सातवी झालेली मुलगी आठवीत जाणार, त्यात पत्र लिहिण्यासारखं काय आहे. तू स्वतः आयुष्यभर मुलांना पहिलीतून दुसरीत ढकललंस, तेव्हा तुला ते मोठं वाटायचं नाही. पण पूर्वाची शाळा सातवीपर्यंतच आहे. आणि पूर्वाचं कसं आहे हे तुला माहीत आहे. अक्षरं इतरांच्या पुढ्यात रांगेत उभी राहतात, हिच्या पुढ्यात ती मधल्या सुट्टीत असल्यासारखी वागतात. ६ आणि ९ हे तिच्या लेखी जुळे भाऊ आहेत, कुठला आला ते नीट न्याहाळल्याशिवाय सांगता येत नाही. ऐकलेलं तिला चटकन समजतं, वाचलेलं उशिरा समजतं, आणि लिहिण्यात तिची स्वतःची अशी एक पद्धत आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन दिवस तिची तपासणी केली आणि दाखला दिला. त्यावर 'अध्ययन अक्षमता' असं लिहिलं आहे. (हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा आमच्या पूर्वाशी वाद घालायला बसवलं पाहिजे. कोण अक्षम ते चहा यायच्या आत ठरेल.)

चेतनला रजा नाही, दीक्षाला मार्च, म्हणून शाळाशोध खातं माझ्याकडे आलं. मी खूश झालो. पाटबंधारे खात्यात मी कार्यालय अधीक्षक होतो, कामाचा पाठपुरावा कसा करतात हे मला कुणी शिकवायला नको. इस्त्रीचा शर्ट घातला, पूर्वाला दोन वेण्या घालायला लावल्या, आणि निघालो. नोकरीत असताना मी अख्ख्या धरणाची जागा ठरताना पाहिली आहे. तुला सांगतो आक्का, पुण्यात धरणाला जागा मिळणं सोपं आहे.

पहिली शाळा चेतनच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलेली, त्यांच्या खराडीकडचीच. आत शिरल्या शिरल्या भिंतीवरून पाणी पडत होतं. मला वाटलं पाइप फुटला, म्हणून मी शिपायाला सांगायला गेलो, तर ती शोभा निघाली. त्या पाण्याच्या वर भलीमोठी पाटी होती, 'इथे प्रत्येक मूल सामावलं जातं'. पूर्वानं उभं राहून ती पाटी सावकाश वाचली, बोट न फिरवता. मग एक हसऱ्या बाई आल्या. आम्हाला गार पाणी दिलं, पूर्वाच्या वेण्यांचं कौतुक केलं, आणि अर्धं इंग्रजी अर्धं मराठी असं पुष्कळ बोलल्या. मी दाखला पुढे केला. बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागच्या बाई निघून गेल्या. म्हणाल्या की त्यांचं धोरण अत्यंत उदार आहे, पण ह्या वर्षी त्या प्रकारच्या जागा भरल्या आहेत, आणि पुढच्या वर्षीही बहुधा भरलेल्या असतील. आम्ही बाहेर आलो. रिक्षाची वाट बघताना पूर्वा म्हणाली, "आजोबा, ती पाटी वाचायला मला वेळ लागला. त्यांना तर अजून वाचताच आलेली नाही." मी तिला मोठ्यांबद्दल असं बोलू नये म्हणून रागावलो, आणि घरी आल्यावर चंद्रभागेला, चेतनला, दीक्षाला आणि खालच्या मजल्यावरच्या पेन्शनरांना ते वाक्य सांगितलं.

दुसऱ्या ठिकाणी एक सर भेटले. त्यांची शाळा कमी आणि क्लास जास्त होता. आठवीपासूनच पोरांना इंजिनिअर करायला घेतात. सरांनी दाखला बघितलाच नाही. म्हणाले, असल्या गोष्टी मनाच्या असतात, पहाटे उठवा, ध्यानाला बसवा, आमच्याकडे सहा महिने ठेवा, मूल दुरुस्त करून देतो. पूर्वानं अगदी नम्रपणे विचारलं, "आणि नाही दुरुस्त झाले तर बदलून देता का?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्या शाळेबद्दल लिहीत नाही. तिथल्या मुख्याध्यापिका भल्या होत्या, पण त्यांचा सगळा वेळ माझी समजूत घालण्यात गेला, आणि पूर्वाकडे त्या दवाखान्यात आणलेल्या पेशंटकडे बघावं तशा बघत राहिल्या. पोरगी त्या दिवशी घरी येऊन गप्प बसली. जेवलीसुद्धा नाही नीट. दीक्षा तिच्या शेजारी नुसती बसून राहिली आणि चंद्रभागा आतून दोनदा येऊन परत गेली. आक्का, एरवी ह्या पोरीच्या तोंडाला लागायची आमच्यात कुणाची हिंमत नसते. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मी घरीच बसले तर चालेल का?" तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग मी मच्छिंद्रला गाठलं. मच्छिंद्र म्हणजे इथला मूळचा. वारजे नुसतं गाव होतं तेव्हापासून त्यांची शेती, आता त्याच शेतावर चार इमारती उभ्या आहेत आणि सकाळी तो त्यांच्यामधून, पिकाला पाणी पोचलं का ते बघावं तसा फिरतो. आमची ओळख बागेतल्या बाकावरची. माणूस मोठा दिलदार. "दादा, तुमची नात ती माझी नात हाय," म्हणाला आणि तिथूनच फोन लावला. शहरातल्या एका फार नामांकित शाळेच्या मंडळावर त्याचा व्याही आहे. (शाळेचं नाव लिहीत नाही. तुला कळेलच, आणि तुझ्याकडून सगळ्या लातूरला कळेल.) वर्षानुवर्षं दहावीचा निकाल शंभर टक्के. गेटच्या बाहेर गुणवंतांच्या फोटोंचा फलक एवढा मोठा की मागचं पिंपळाचं झाड दिसत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलीला घेऊन या, प्रवेश झालाच समजा. मी तो समजलाच. सोसायटीत सांगितलं. दीक्षा म्हणत होती की बाबा, आधी भेटून तर या. पण मी हेडसरांसाठी पेढ्यांचा मोठा बॉक्सही घेतला, केशरी.

हेडसर सभ्य होते. खुर्च्या दिल्या, दाखला पूर्ण वाचला, बोर्डाच्या सवलती त्यांना पाठ होत्या, जास्तीचा वेळ, लेखनिक, सगळं. मला वाटलं, आलो बाबा योग्य दारात. मग त्यांनी आवाज खाली घेतला. म्हणाले, नववीपर्यंत काहीच प्रश्न नाही, आनंदानं घेऊ. फक्त दहावीला पालकांनी समजूतदारपणा दाखवून सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. मुलगी वर्गात बसेल, शिकेल, परीक्षा मात्र बाहेरून देईल. शाळेच्या निकालावर परिणाम व्हायला नको एवढंच. सगळेच करतात, म्हणाले. तुला तर ठाऊक आहे, सरकारी नोकरीत 'सगळेच करतात' ह्या वाक्याशी मी कसा वागत आलो ते. पण त्या दिवशी माझ्या मांडीवर पेढे होते आणि डोक्यात ते बाहेरचे फोटो होते. मी जरा वेळ विचार करत बसलो.

पूर्वा खुर्चीत पुढे सरकली. म्हणाली, "सर, म्हणजे मी वर्गात असेन, पण शाळेत नसेन?"

हेडसर हसले. बाळ, ही तांत्रिक बाब आहे, म्हणाले. आक्का, आपले आबा वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकले. खिडकीतून फळा दिसायचा तेवढाच, हे तू मला सांगितलंस, मी चेतनला सांगितलं. वेगळं बसवणं कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी आपल्या घरात ते ओळखायला कुणाला दाखला लागत नाही. मी उठलो. म्हणालो, "सर, मुलगी घ्यायची तर निकालासकट घ्या. नाहीतर तुमचे शंभर टक्के तुमच्याकडे ठेवा." हे वाक्य माझ्या तोंडून एवढं चांगलं निघालं की त्याच झोकात मी दाराबाहेर, व्हरांड्यातून, फाटकापाशी आलो. तिथे पूर्वा म्हणाली, "आजोबा, पेढे." मी परत गेलो. हेडसर तिथेच होते. मी बॉक्स उचलला, त्यांनी मान हलवली, मीही हलवली. असा प्रसंग कुठल्याही स्वाभिमानी माणसावर येऊ नये, पण पेढे चांगल्या दुकानातले होते. रिक्षात आम्ही दोघांनी निम्मे संपवले. (हे चंद्रभागेला माहीत नाही.)

मच्छिंद्रला कसं सांगावं ह्याची मला धास्ती होती. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग बरं केलं. व्याही तसलाच हाय आमचा."

चौथी... पाचवी म्हण, शाळा दीक्षानं शोधली. माझ्या खात्याकडून काम काढून घेऊन तिनं तिच्यासारख्या आयांना विचारलं आणि दोन दिवसांत पत्ता आणला. माझी इतकी वणवण झाली, आणि शाळा निघाली कुठे, तर घरापासून बसच्या काही थांब्यांवर. मराठी शाळा, गणित-विज्ञान इंग्रजीत. बाहेरून बघितलीस तर खताचं गोदाम म्हणशील. ना पाणी पडतंय, ना फोटो. मुख्याध्यापिका शेफालीबाई, केस पिकलेले, बोलणं अस्सल पुणेरी, म्हणजे शब्द विकत आणावे लागतात असं. मी घसा खाकरून सुरुवात केली, तर म्हणाल्या, "शिकायचंय कुणाला? तुम्हाला की हिला? मग तुम्ही बाहेर बसा." मी बाहेर बसलो. आत बऱ्याच वेळानं हसण्याचा आवाज आला, तो बाईंचा होता.

मग मला आत बोलावलं आणि बाईंनी सरळ सांगितलं की आमच्याकडे सगळं आहे असं नाही. ह्या विषयाचं शिकून आलेल्या दोघी शिक्षिका आहेत, बाकीचे शिकतायत, चुकतातही. सरस आहोत असं म्हणणार नाही. एक दिवस मुलीला वर्गात बसू दे, तिला आवडलं तर पुढचं बोलू. मुलीला शाळा आवडली तर, असं म्हणाल्या. शाळेला मुलगी आवडली तर, असं नाही. मला आधी वाटलं त्या चुकून उलटं बोलल्या.

तो दिवस एप्रिलमधला. पूर्वाला सातवीच्या वर्गात बसवलं, कारण तीच मुलं पुढे आठवीत तिच्यासोबत असणार. मला घरी जायला सांगितलं होतं. मी गेलो नाही. व्हरांड्यात सूचनाफलक वाचत उभा राहिलो (त्यावरच्या स्नेहसंमेलनाच्या सूचनेत तीन चुका होत्या, पण मी पेन बाहेर काढलं नाही). भूगोलाचा तास होता, चैतालीबाई म्हणून तरुण शिक्षिका. मुलं एकेक करून उठत होती, परिच्छेद वाचून बसत होती. वाचन बाकाबाकानं पूर्वाकडे सरकत होतं आणि मी मधली बाकं मोजत होतो. जुन्या शाळेत अशा वेळी ती पाणी प्यायला जायची. तिची पाळी आली तेव्हा चैतालीबाई सहज म्हणाल्या, तू पाहुणी आहेस, तुला नको असेल तर पुढची वाचेल. पूर्वा उठली. म्हणाली, "मला वाचायला वेळ लागतो. चालेल का?" बाई म्हणाल्या, "आम्हाला कुठं जायचंय?"

आणि वाचलं तिनं. कसं वाचलं ते तुला सांगतो, कारण तुला त्यातलं कळतं. एकेक शब्द असा उचलत होती, जसं विहिरीतून भरलेली घागर वर घेताना माणूस हात बदलत राहतो. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' आला. हा शब्द लिहिणाऱ्यानं मुलांचा कसला सूड घेतला कोण जाणे. ती 'पर'पाशी थांबली. मागे गेली. पुन्हा आली. एका मुलानं पुढून शब्द सांगायला तोंड उघडलं तर शेजारच्या मुलीनं त्याला कोपर मारलं. पर्. जन्य. छायेचा. आख्खा शब्द आला तेव्हा मी व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभा होतो. परिच्छेद अजून निम्मा होता आणि घंटा झाली. आक्का, घंटा झाल्यावर सातवीची मुलं काय करतात हे तुला मी सांगायला नको. कुणी उठलं नाही. दप्तराची चेन वाजली नाही. पुढच्या तासाचे गणिताचे सर खडूची पेटी घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, माझा तास खाल्ला म्हणून पुटपुटले, आत डोकावले, आणि तिथेच भिंतीला टेकले. आत गेले नाहीत. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, पूर्णविरामापाशी थांबली आणि खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तेच सगळ्यात आवडलं. पुढच्या मुलीनं पुढचा परिच्छेद वाचायला घेतला, तेव्हा गणिताच्या सरांनी दार वाजवलं.

चेतन मेरिटमध्ये आला तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरलो होतो. हे मला कुणाला सांगावंसं वाटेना. इतके दिवस तसंच आत ठेवलं. म्हणून तर तुला लिहितो आहे.

सुटल्यावर उसाच्या रसाच्या दुकानात मी विचारलं, कशी वाटली शाळा. "बरी आहे," म्हणाली. तू लातुरात राहतेस, तुला 'बरी आहे'चं पुण्यातलं वजन कळणार नाही. इथे ताजमहालालाही लोक तेवढंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शेफालीबाईंनी तिलाच विचारलं, यायचंय का. तिनं उलट विचारलं, "दहावीला माझा निकाल कुणात धरणार?" मी खाली बघितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पास झालीस तर पास झालेल्यांत. नापास झालीस तर नापास झालेल्यांत. पण आमच्यातच. चालेल?" पूर्वानं विचार केला. खरंच केला, बाईंना थांबावं लागलं. मग म्हणाली, "चालेल."

अशी ती आठवीत गेली. आता घरात ती कुणाचं ऐकत नाही, पण ते आधीही नव्हतीच ऐकत. चंद्रभागेनं तुला जय भीम सांगितला आहे, चेतन-दीक्षेचा नमस्कार. गुडघ्याचं कळवायला विसरू नकोस.

तुझा,
सुखदेव

ता. क. – शेफालीबाईंनी सांगितलं आहे की रोज संध्याकाळी कुणीतरी पुढचा धडा हिला मोठ्यानं वाचून दाखवावा, म्हणजे वर्गात जड जाणार नाही. सुट्टीत सराव म्हणून आम्ही सगळ्यांनी प्रयत्न करून पाहिला. चेतन दुसऱ्या ओळीला झोपतो. दीक्षा घरी येते तेव्हा तिचा आवाज बँकेतच राहिलेला असतो. चंद्रभागा वंदना म्हणावी तसं एका सुरात वाचते, पूर्वा शेवटी हात जोडते. मला तर परवा कामावरून काढून टाकलं. तेव्हा तू शाळा सुरू व्हायच्या आधी इकडे यावंस आणि दिवाळीपर्यंत राहावंस. घर सोडवत नाही, कुंड्यांना पाणी कोण घालणार, हे सगळं मी ऐकून आहे. मागे मी चार वेळा आग्रह केला तो तुझ्या गुडघ्यासाठी होता. ह्या वेळी काम आमचं आहे.

ता. क. दुसरा – तिकीट चेतननं काढून ठेवलं आहे. खालचा बर्थ आहे. आधी तिकीट काढून मग विचारणं बरं नव्हे, असं मी म्हणालो होतो. माझं घरात कुणी ऐकत नाही.

ता. क. तिसरा – खालच्या ओळी पूर्वानं स्वतः लिहिल्या आहेत. जेवण बाजूला ठेवून बसली होती. मी हात लावलेला नाही, तूही लावू नकोस.

राधा आजी तु ये. आजोबा नदिचा धडा वाचतात पण मधेच धरनाची गोश्ट सांगतात. मग नदि राहुन जाते. मला पुढे काय झाल ते कळत नाहि. – पूर्वा